मालक कोण, हे कविता विचारते

म्युरियल रुकायझर या अमेरिकन कवयित्रीचा 'यू. एस. वन' हा संग्रह १९३८ साली प्रकाशित झाला. त्यात 'द बुक ऑफ द डेड' नावाची वीस कवितांची मालिका आहे. विषय आहे एक बोगदा. तो खणताना फुफ्फुसात दगडाची धूळ जाऊन मेलेले मजूर, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भरलेले दावे, आणि त्या दाव्यांचं पुढे काय झालं ते. कामगारांवरची कविता म्हटलं की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र येतं: घाम, आवळलेली मूठ, शेवटच्या कडव्यात उगवणारा लाल सूर्य. या मालिकेत ते फारसं नाही. तिच्यात जबान्या आहेत, डॉक्टरला विचारलेले प्रश्न आहेत, एका आजारी मजुराचं पत्र आहे, धरणाच्या पाण्याचं गणित आहे आणि एका ठिकाणी चक्क शेअर बाजारातला भाव छापलेला आहे.

या मालिकेबद्दल लिहावंसं वाटतं ते या शेअरच्या भावामुळे. माझ्या मते कवितेचा खरा मुद्दा तिथे आहे. माणूस कशाने मेला आणि त्याचे किती पैसे द्यायचे, एवढ्या दोन प्रश्नांभोवती कोर्ट फिरत राहिलं. तो कोणाच्या कामावर मेला, हा तिसरा प्रश्न कंत्राटाच्या कागदांत हरवला. रुकायझर तो प्रश्न सोडत नाही.

बोगदा

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ न्यू रिव्हर ही नदी डोंगराला वळसा घालून जाते. १९३० साली तिचं पाणी डोंगराच्या पोटातून वळवायचं काम सुरू झालं. बोगद्याची लांबी साधारण तीन मैल. पाणी उतारावरून पडणार, त्यावर वीज तयार होणार, आणि ती वीज खाली अ‍ॅलॉय इथल्या धातूच्या कारखान्याला जाणार. कारखाना युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीचा. विजेचा प्रकल्प ज्या न्यू कनॉवा पॉवर कंपनीच्या नावावर होता, तीही युनियन कार्बाइडचीच. खोदकामाचा ठेका मात्र राइनहार्ट अँड डेनिस या बाहेरच्या कंपनीकडे.

जमिनीखाली सुमारे तीन हजार मजूर काम करून गेले. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून आले होते. मंदीचे दिवस होते, मिळेल ते काम माणसं करत होती. डोंगर खणताना जवळजवळ शुद्ध सिलिका लागली. हीच सिलिका अ‍ॅलॉयच्या कारखान्याला कच्चा माल म्हणून हवी होती, म्हणून त्या टप्प्यात बोगदा ठरल्यापेक्षा जास्त रुंद खणला गेला. म्हणजे बोगदा हीच खाण झाली. खाण म्हटल्यावर जी काळजी घ्यायची ती मात्र घेतली गेली नाही. ड्रिल मारताना पाणी सोडलं की धूळ बसते, पण कामाचा वेग कमी होतो. म्हणून कोरडं ड्रिलिंग चालू राहिलं. हवा खेळती ठेवायची सोय अपुरी होती. मजुरांना मास्क नव्हते. पाहणीला येणारे अधिकारी मास्क लावून येत, असं पुढे जबान्यांत आलं.

सिलिकोसिस एरवी हळू चालतो. दहा-वीस वर्षं धुळीत काम केल्यावर माणूस धापा टाकू लागतो. इथे तो काही महिन्यांत दिसू लागला. कंपनीच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया, टीबी अशी नावं लिहिली आणि काळ्या गोळ्या दिल्या. ज्यांच्या अंगातली ताकद गेली त्यांना कामाच्या छावण्यांतून हाकललं गेलं. अनेक जण गावी परत जाऊन मेले, त्यामुळे ते कुठल्याच यादीत आले नाहीत.

दावे

आजारी मजुरांनी आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी दावे भरले. त्या राज्याच्या नुकसानभरपाई कायद्यात सिलिकोसिस हा आजार तेव्हा धरलेलाच नव्हता. त्यामुळे मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करणं एवढाच मार्ग उरला. १९३३ साली फेएटव्हिल इथे पहिला खटला उभा राहिला. ज्युरीचं एकमत झालं नाही. त्यानंतर दीडशेहून अधिक दावे एकदम तडजोडीत मिटवले गेले. एकूण रक्कम १ लाख ३० हजार डॉलर. त्यातली निम्मी वकिलांकडे गेली. उरलेली वाटताना माणूस गोरा की काळा, लग्न झालेला की एकटा, हे बघितलं गेलं. काळ्या माणसाच्या मरणाची किंमत कमी ठरली.

तडजोडीत आणखी दोन गोष्टी होत्या. मजुरांच्या वकिलांनी यापुढे नवे दावे घ्यायचे नाहीत, आणि खटल्यांची सगळी कागदपत्रं समोरच्या पक्षाच्या हवाली करायची. मजुरांच्या बाजूच्या वकिलांना कंपन्यांकडून २० हजार डॉलर वेगळे मिळाले होते, हे नंतर उघड झालं. १९३५ साली राज्याने सिलिकोसिस भरपाईच्या कायद्यात आणला, पण त्यातल्या अटी अशा की या बोगद्यातले मजूर बाहेरच राहिले. १९३६ च्या सुरुवातीला अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्षी झाल्या. पुढची सखोल चौकशी करायचे अधिकार समितीला मिळाले नाहीत. छापील नोंद तेवढी शिल्लक राहिली.

कागदपत्रं परत घेणं ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पैसे देऊन दावा मिटवता येतो, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या पैशात दाव्याची आठवणही विकत घेतली जाते, हे चटकन लक्षात येत नाही. एक्स-रे, डॉक्टरांचे शेरे, मजुरांनी सांगितलेली हकिगत, सगळं ज्याच्याविरुद्ध दावा होता त्याच्याच कपाटात. समितीपुढची नोंद म्हणूनच मोलाची ठरली. रुकायझरने तीच हातात घेतली.

फाइल परत उघडताना

रुकायझर तेव्हा बावीस वर्षांची होती. अलाबामातला स्कॉट्सबरो खटला, ज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप होता, तिने त्याआधी पत्रकार म्हणून पाहिला होता. म्हणजे कोर्ट कुणाचं ऐकतं आणि कुणाचं नाही, याचा अनुभव तिला होता. १९३६ साली ती नॅन्सी नॉमबर्ग या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर गॉली ब्रिजला गेली. पुस्तक पुढे फोटोंशिवायच निघालं.

मालिकेतल्या तीन कविता जवळून बघू.

पहिली एका आईची. तिचे तीन मुलगे बोगद्यात कामाला होते, तिघेही गेले. नवराही आजारी. ही बाई कवितेत रडत नाही, ती हिशोब सांगते. धाकट्याने मरण्याआधी सांगून ठेवलं होतं की मला उघडून बघा, धुळीनेच मेलो असेन तर तुला भरपाई मिळेल. एक्स-रेचे पैसे नव्हते म्हणून तिने रस्त्यावर उभं राहून भीक मागितली. तिच्या मुलाचा दावा हा पुढच्या दाव्यांच्या रांगेतला पहिला. साक्षीतल्या या साध्या वाक्यांच्या मधे मधे रुकायझर प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या ग्रंथातल्या ओळींच्या धर्तीवर दुसरा स्वर आणते. त्या ग्रंथात मेलेला माणूस परलोकाच्या न्यायासनापुढे बोलतो, आपलं हृदय परत मागतो. मालिकेचं नावही त्यावरूनच आलं. मला हे जुळवणं नुसती सजावट वाटत नाही. मुलगा आईला सांगतो ते मरणोत्तर साक्ष देण्याबद्दल: माझं शरीर हाच पुरावा आहे, तो कोर्टात ने. इजिप्तचा ग्रंथ त्याच्या बोलण्याला खोली देतो, आणि आईचं बोलणं त्या ग्रंथाला जमिनीवर ठेवतं.

दुसरी कविता आजाराची. ती जवळजवळ पूर्ण प्रश्नोत्तरांत आहे. डॉक्टर एक्स-रे दाखवतो, इथे काय, तिथे काय सांगतो, प्लेटा पुढे सरकतात तसे डाग वाढतात. मधेच रुग्णाचा स्वतःचा आवाज येतो, रात्री श्वास कसा लागतो ते सांगणारा. मग पुन्हा प्रश्न. शेवटी विचारलं जातं की या आजाराने मरण येतं का, आणि उत्तर होकाराचं मिळतं. रुकायझरने इथे फार काही केलेलं नाही: कापलं, जागा सोडली, ओळी तोडल्या. कुणी म्हणेल की ही कविताच नाही, नुसती कात्री आहे. मी ती दोनदा वाचली तेव्हा ओळ कुठे तुटते याकडे लक्ष गेलं. ओळ तुटते तिथे वाचणाऱ्याला थांबावं लागतं. श्वास पुरत नसलेल्या माणसाबद्दल वाचताना आपणही थोडं थोडं थांबत वाचतो. एवढं काम त्या कात्रीने केलं आहे.

तिसरी धरणाची. पाणी, त्याचा वेग, त्याची ताकद, ऊर्जा नष्ट होत नाही हा नियम, असं सगळं त्यात येतं. पाण्याचं वर्णन खरोखर सुंदर आहे. आणि मधेच युनियन कार्बाइडच्या शेअरचा बाजारभाव, पेपरात छापतात तसा. त्यावर एका शब्दाची टीका नाही. मालिकेत त्याआधी ठेकेदार आलेला असतो, मुकादम आलेले असतात, डॉक्टर आलेला असतो, मेलेल्यांना शेतात पुरणारा अंत्यविधीवालाही आलेला असतो, ज्याला माणशी ५५ डॉलर मिळत. हे सगळे बोगद्याच्या आसपासचे लोक. शेअरचा भाव ठरतो तो फार लांब, न्यूयॉर्कमध्ये. पण पाणी उतरत उतरत जिथे पोचतं ती जागा तीच. कोर्टात या ओळीला जागा मिळाली नसती, कारण तिथे भांडण मुख्यतः ठेकेदाराशी होतं. कवितेत तिला जागा आहे. ठेकेदाराच्या मागे उपकंपनी, उपकंपनीच्या मागे मूळ कंपनी आणि तिच्या मागे भागधारक, ही साखळी रुकायझर एका छापील आकड्याने पूर्ण करते.

जिथे ही मालिका कमी पडते

मालिकेचं कौतुक करताना दोन गोष्टी बाजूला ठेवता येत नाहीत.

एक, मेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, पण मालिकेत ठळक उमटणारे बरेचसे आवाज गोऱ्यांचे आहेत. ती आईसुद्धा गोरी. एका कृष्णवर्णीय ड्रिलरची ब्लूजच्या चालीवरची कविता आहे आणि ती मालिकेतल्या उत्तम कवितांपैकी आहे. पांढऱ्या धुळीने काळे-गोरे सगळे एकसारखे दिसायचे, ही तिच्यातली प्रतिमा विसरता येत नाही. पण ती प्रतिमा थोडी फसवीही आहे, कारण बोगद्याबाहेर पडल्यावर कोणीही एकसारखं नव्हतं. भरपाई रंग बघून वाटली गेली. याचं कारण काही अंशी कागदांत आहे. साक्षीला पोचले ते मुख्यतः गावात टिकून राहिलेले लोक. हाकलले गेलेले पोचले नाहीत. रुकायझर कागदाशी प्रामाणिक राहिली आणि कागदातली पोकळी तिच्या कवितेतही आली. ज्या वर्षी ती गॉली ब्रिजला गेली, त्याच वर्षी जॉश व्हाइट या कृष्णवर्णीय गायकाने 'पाइनवुड टॉम' या नावाने सिलिकोसिसवरचं एक ब्लूज गाणं रेकॉर्ड केलं. ही मालिका वाचणाऱ्याने तेही ऐकावं.

दुसरी गोष्ट शेवटाची. मालिकेच्या नावाचीच शेवटची कविता अमेरिकेचा सगळा इतिहास कवेत घेऊ पाहते. आवाज एकदम मोठा होतो. इतका वेळ एका बाईच्या हिशोबावर, एका एक्स-रेवर विश्वास ठेवणारी कवयित्री इथे आवाहन करू लागते. त्या काळच्या डाव्या कवितेची ती सवय होती हे मान्य. तरी मला वाटतं, शेअरच्या भावानंतर आवाहनाची गरज नव्हती.

आपल्याकडे

मराठीत कामगाराची कविता नवी नाही. नारायण सुर्व्यांनी 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 'माझे विद्यापीठ' या संग्रहांतून कामगाराला 'मी' म्हणून उभं केलं. तो कुणाची दया मागत नाही, तो बोलतो आणि आपण ऐकतो. रुकायझरकडे हे नव्हतं. ती बाहेरून आली होती आणि परत गेली. पण तिच्याकडे जे आहे ते आपल्याकडे मला क्वचित दिसतं: कवितेत आलेला पंचनामा, मस्टर, डॉक्टरचा दाखला, कंत्राटाचं कलम. खरं तर आपल्या पोवाड्याला तपशिलाचं वावडं नव्हतं. कोण, कुठे, किती, कुणाच्या हुकुमावरून, हे पोवाडा बिनदिक्कत सांगायचा. ती सवय आधुनिक कवितेने सोडली आणि बातमीवर टाकली.

आणि बातमी काय करते? १ ऑगस्ट २०२३ ला पहाटे ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवायची अवजड यंत्रणा कोसळली. २० जण मेले. त्याच दिवशी मदत जाहीर झाली, राज्याकडून ५ लाख, केंद्राकडून २ लाख. अशा रकमेला सरकारी मराठीत 'सानुग्रह' म्हणतात. शब्द नीट बघा: अनुग्रहासह, म्हणजे कृपा करून दिलेली. भरपाई हा हक्क आहे. तो कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतो म्हणून निर्माण होतो, आणि देणेकरी कोण ते आधी ठरवावं लागतं. सानुग्रह मदतीत हा प्रश्न येतच नाही. तातडीची मदत देऊ नये असं मी म्हणत नाही, घरातला कमावता माणूस गेलेल्यांना ती लागतेच. पण बातमीत तोच आकडा पहिला येतो आणि बहुतेकदा तोच शेवटचा ठरतो.

कायद्याला हा प्रश्न माहीत नव्हता असंही नाही. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदाराच्या माणसाला काम करताना इजा झाली तर ज्याने काम ठेक्याने दिलं त्याच्याकडून भरपाई घेता येईल, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ओझं वरच्यावर टाकलं होतं, खालच्यावर नाही. पण बिहारहून किंवा बंगालहून आलेल्या मजुराच्या घरच्यांना आपला माणूस नेमका कोणाकडे कामाला होता हे कुठे माहीत असतं? त्यांना मुकादमाचा मोबाइल नंबर माहीत असतो. मुकादमाच्या वर पोटठेकेदार, त्याच्या वर ठेकेदार, त्याच्या वर ज्याचं काम आहे तो. गॉली ब्रिजच्या मजुरांना फोरमनचं नाव माहीत होतं, तसंच.

या दोन ठिकाणांना जोडणारा आणखी एक धागा आहे आणि तो कवितेतल्या त्या आकड्यातून निघतो. युनियन कार्बाइड हे नाव आपल्याला भोपाळमुळे माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गॅस सुटला तो कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा होता. निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकन कंपनीकडे. तरीही भारतातली कंपनी वेगळी, असं अमेरिकन कंपनी म्हणत राहिली. १९८६ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने खटला भारतात चालवा असं सांगितलं. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. तिच्यात फौजदारी खटलेही गुंडाळले गेले होते, ते १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडले. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. भोपाळ हा कारखान्याचा अपघात, हॉक्स नेस्ट बांधकामाचा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती एकात मिसळायचं कारण नाही. पण मूळ कंपनी, उपकंपनी, एकरकमी तडजोड आणि विषय संपला अशी घोषणा, हा क्रम १९३३ सालीच लिहून झाला होता. रुकायझरची मालिका भोपाळच्या ४६ वर्षं आधीची आहे. तिने भाकीत केलं असं मी म्हणणार नाही. तिने फक्त नाव लिहून ठेवलं.

मोजदाद

हॉक्स नेस्टमध्ये किती माणसं मेली? कबूल केलेला आकडा १०९. काँग्रेसच्या साक्षींत आला तो ४७६. मार्टिन चर्नियाक या डॉक्टरने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जुन्या नोंदी तपासून अंदाज मांडला, ७६४. तिथे राज्याने लावलेल्या फलकावर पहिले दोन आकडे आहेत. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या स्मशानात जागा नव्हती म्हणून अनेकांना एका शेतात पुरलं होतं. १९७२ साली त्यावरून रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा सापडलेले अवशेष उकरून दुसरीकडे हलवावे लागले. म्हणजे मेल्यावरही ते एका बांधकामाच्या आड आले.

कवितेने यातला एकही माणूस परत आला नाही, एकालाही जास्त डॉलर मिळाले नाहीत. मालिका वाचून कुणी अटक झालं नाही. पण वकिलांनी परत दिलेल्या फायलीतला मजकूर आज कुणाच्या हाताशी नाही, आणि रुकायझरचं पुस्तक आहे. त्यातली धरणाची कविता काढून बघा. पाण्याच्या वर्णनाच्या मधोमध तो शेअरचा भाव अजून तसाच आहे, कंपनीच्या नावासकट.